मांडीवर लेकरू पायजे

माझ्या जिभेला सगळी भवानी पेठ नावं ठेवती. ठेवू दे. शेंगाच्या चटनीवर वाढलेली जीभ हाय, तिला गोडवा कुटनं येनार? पन हात बघा माझं. ह्या हातांतनं अर्ध्या सोलापूरची लेकरं गेली, आन एक बी कदी खाली पडलं न्हाय.

सुईन न्हवं मी. सुईनीला तर मान असतोय. मी पाळन्यावाली. सिद्धेश्वराचा गड्डा, म्हंजी संक्रांतीची जत्रा, भरला की होम मैदानावर, तळ्याच्या अंगाला, आमचा लाकडी पाळना उबा ऱ्हायचा. माझ्या अप्पानं, चनबसप्पानं, तो सोताच्या हातानं केलेला. चार पेट्या, मदी जाडजूड आस, आन दोगांनी दोन बाजूंनी उबं ऱ्हाऊन आरे ढकलून फिरवायचा. इंजिन न्हाय, लाईट न्हाय. कर्रकर्र वाजायचा, आन तेवढं ऐकूनच पोरं लांबनं आईचा पदर वढायला लागायची. वरीसभर अप्पा लोकांची दारं-चौकटी करायचा. संक्रांत जवळ आली की गिऱ्हाइकाला म्हनायचा, "आता दार नंतर. आदी पाळन्याला तेल पाजतो."

अप्पाचा एक नियम व्हता. मांडीवर लेकरू असल्याबिगर मोठ्या मानसानं पाळन्यात बसायचं न्हाय. पोरं-पोरं एकटी बसली तर बसू देत, पन मिसरूड फुटलं, पदर आला, की मांडीवर लेकरू पायजे. सोताचं नसंल तर भावाचं आना, शेजारनीचं आना. लई जन हुज्जत घालायचे. अप्पा म्हनायचा, "मांडीवर लेकरू असलं की मानूस गुमान बसतंय. न्हायतर उबं ऱ्हातंय, हेलकावं देतंय, आन मग पेटी मोडती माझी."

पैल्या वर्साच्या लेकराला एक फेरा फुकट. सावकाश, एकच. लोकांनी मग त्याची रीतच करून टाकली. लेकराचा पैला गड्डा म्हंजी आदी देवाला नारळ, मग चनबसप्पाच्या पाळन्यात पैला फेरा. जेऊर, मोडनिंबला दिलेल्या लेकी गड्ड्याला म्हायेरी आल्या की न चुकता यायच्या. लेकरू उचलून आईच्या मांडीवर ठेवायचं काम माझं. "बा मगा, बा," असं म्हनत उचलायची. आमच्या घरात कन्नड चालतंय, ये लेकरा ये, असं ते. मग आईला सांगायचं, "दोनी हातानं धर. पोटाशी. वर गेल्यावर खाली बघू नको, भवंड येती. लेकराच्या टाळूकडं बघ."

हे काम मला कसं मिळालं ते बी सांगते. मला अक्कलकोटच्या अंगाला दिली व्हती. मूल होईना म्हनून नवऱ्यानं दुसरी केली, आन मी गठुडं घेऊन म्हायेरी आले. ह्यात रडन्यासारखं काय न्हाय, माझं रडून झालंय. पन अशी बाई गल्लीत आली की गल्ली कशी वागती ते ऐका. बारशाला बोलवायचं, पन पाळन्याजवळ येऊ द्यायचं न्हाय. ओटी भरायची येळ झाली की हिला चुलीम्होरं भाकऱ्या थापायला बसवायचं. लेकरू कुनी हातात देत न्हाय. मागितलं तर म्हनत्यात, "आत्ताच झोपलंय वो." आन लेकराचं डोळं टकाटका उघडं असत्यात.

अप्पानं हे सगळं बघितलं असनार. बोलायचा न्हाय तो. पुढच्या गड्ड्याला मला म्हनला, "चल." नेऊन पाळन्यापाशी उबी केली. पैल्याच दिवशी एका सासूनं माझ्या हातातनं नातू हिसकून घेतला, म्हनली, "हिचा हात नको." अप्पानं पाळना थांबवला. आवाज चढवला न्हाय. "लेकरू माझी मल्लव्वाच उचलनार," म्हनला. "नको असंल तर पाळना तुमच्या घरी बांधा." बाई तनतन करत गेली, आन दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन परत आली. तवापासनं सालातले ते दिवस माझे. कुनाचं लेकरू, कुठल्या पेठेतलं, कुनी काय विचारत न्हवतं. काजळ फिसकटलेली, टोपरं वाकडं झालेली, माझ्या खांद्यावर लाळ गाळनारी, सगळी माझ्या हातात यायची. त्या दिसांच्या जिवावर मी बाकीचं वरीस काढायची.

आन मी सोता? मी कदीच बसले न्हाय. शेजारनी म्हनायच्या, "घे की माझं, बस एक डाव." मी म्हनायची, "उसनं मीठ चालतंय, उसनं लेकरू न्हाय." त्याला गर्व म्हना न्हायतर येडेपना म्हना.

अप्पा गेला, त्याच्या पुढच्या गड्ड्याची ही गोष्ट. आनीबानी लागायची व्हती अजून. पाळना माझ्या धाकट्या भावाकडं आला, ईरप्पाकडं. ईरप्पा म्हंजी गरीब गाय. पन त्याचा पोरगा शिवपुत्र, तो जिभेनं माझ्यावर गेला. अंगानं आज्जावर आन जिभेनं आत्तीवर. वीस वर्साचं पोरगं, म्याट्रिकला गचका खाल्लेलं, हातात रंधा धरला की ह्याचं तोंड वाकडं व्हायचं.

एके दिवशी जेवताना म्हनला, "औंदा नियम काढून टाकू."

ईरप्पा जेवायचा थांबला. मी म्हनलं, "कुठला?"

"आज्जाचा. मांडीवर लेकरू पायजे म्हनून. आत्ती, गिरन्यांतली पोरं, कालेजातली पोरं रोज सांच्याला मैदानावर असत्यात. बायाबापड्या येत्यात एकदा, नारळ फोडून घरी जात्यात. त्या पोरांसाठी काय हाय आपल्याकडं? मौत का कुवा बघत्यात, जादूचा खेळ बघत्यात. आपल्या पाळन्याकडं बघून हसत्यात. आन भिंती बघितल्यास का? सरकारनं जागोजागी लाल तिकोन काढलाय, लेकरं कमी करा म्हनतंय. लेकरंच न्हाय ऱ्हायली तर काय रिकाम्या पेट्या फिरवायच्या?"

"तुज्या आज्जानं पाळना केलाय," मी म्हनलं. "पाळन्यात लेकरू असतंय. मिशीवाला न्हाय."

तो हसला न्हाय. खाली बघून म्हनला, "आज्जानं मला बाराव्या वर्सी खाली उतरवलं. मोठा झालास म्हनला. आपल्या घरचाच पाळना, आन तवापासनं मी नुसता ढकलतोय. दुसऱ्याची पोरं वर जात्यात, मी खालनं बघतोय. मिसरूड फुटल्या मानसानं गड्ड्यात जायाचं कुटं, आत्ती?"

पोरगं वीस वर्साचं झालं म्हनून त्याला वर जाऊन बघावं वाटत न्हाय व्हय? मी कदाचित कबूल झाले असते. पन शान्यानं तितं थांबावं की न्हाय?

"आन तू तरी कदी बसलीस?" तो म्हनला. "जलम गेला तुजा पाळन्यापाशी. नियम काढला की तू बी बसशील."

मी ताटावरनं उठले. त्याच्या मनात वाकडं न्हवतं, ते मला त्या घडीला बी कळत व्हतं. पन घरातल्या मानसानं काय गोष्टी बघून सोडून द्यायच्या असत्यात, त्या बोलायच्या नसत्यात.

ईरप्पा परसात माझ्यामागं आला. "अक्का, नको म्हनलं तर पोरगं पुन्याला जाईल. त्याचे दोस्त तिकडं कारखान्यात चिकटलेत. पाळन्यापायी घरात ऱ्हायलं तर ऱ्हाऊ दे." त्याचं एकुलतं एक पोरगं. मी काय म्हननार? माझे हात रिकामे व्हतील म्हनून भावाचं पोरगं घरातनं घालवायचं व्हय? मी म्हनलं, "कर बाबा तुला काय करायचं ते."

झालं. शिवपुत्रनं पत्र्याची पाटी रंगवून आनली. "जवानांचा पाळणा. हिंमत असेल तर बसा." पेट्यांना भडक लाल रंग दिला. खांबाला कर्णा बांधला, त्यावर दिवसभर सिनेमाची गानी. तांड्यावरचा मानसिंग ढकलायला व्हताच, आता शिवपुत्र सोता आऱ्यांवर चढायचा आन लोंबकळत खाली यायचा, त्या वजनानं पाळना गरागरा फिरायचा. आन पोरं लोटली की वो. गिरनीचा भोंगा झाला की झुंडीच्या झुंडी. शिट्ट्या काय, टोप्या उडवनं काय. शिवपुत्रचं तोंड एवढं फुललेलं मी त्याच्या लहानपनानंतर बघितलं न्हवतं. खोटं कशाला बोलू, मला बी बरं वाटलं.

फकस्त मला काम न्हवतं. जवान पोराला उचलून कोन ठेवतंय? मी खांबाला टेकून, हात पदरात गुंडाळून उबी ऱ्हायची. लेकरंवाल्या बाया यायच्या, गर्दीच्या कडंला जरा थांबायच्या, आन निघून जायच्या. मी हाका मारायची. कर्ण्याच्या आवाजात माझी हाक मलाच ऐकू येत न्हवती.

मग एका सांजंला विजयमाला आली. आमच्या गल्लीतल्या सोनाबाईची लेक, मोडनिंबला दिलेली. हिच्या पैल्या गड्ड्याला हिला मीच सोनाबाईच्या मांडीवर ठेवलेलं. आता कडंवर तिचं लेकरू, कुंची घातलेलं. संगं मालक. गर्दीतनं वाट काढत माझ्याजवळ आली, म्हनली, "मावशी, ह्याचा पैला फेरा ऱ्हायलाय." मी लेकरू घेतलं. किती दिवसांनी हातात लेकरू आलं. जड व्हतं, गुटगुटीत, माझ्या नाकातली चमकी धरायला बघत व्हतं.

तीन पेट्यांत पोरं बसली व्हती, खालची एक रिकामी. मी शिवपुत्रला हात केला. त्यानं कर्णा बंद केला, ईरप्पानं आन मानसिंगनं आरे धरून पाळना थांबवला. विजयमाला पेटीत बसली, पदर सावरून मांडी नीट केली. "बा मगा," म्हनत मी वाकले.

तेवढ्यात वरच्या पेटीतलं एक पोरगं वरडलं, "वैनी, वर भ्या वाटंल. त्यापरीस आमालाच घ्या की मांडीवर."

सगळे हसले. दुसऱ्या पेटीतला उबा ऱ्हायला आन त्यानं हेलकावा दिला. एकीकडं तीन पेट्या दांडगी पोरं, दुसरीकडं एकटी बाई. पाळना कलला. ईरप्पाच्या हातातला आरा सुटला, आन विजयमालाची पेटी माझ्या म्होरनं वर गेली. लेकरू माझ्याच हातात ऱ्हायलं, आई वर. ती वरडली बी न्हाय, नुसते हात म्होरं केले लेकरासाठी. मानसिंगनं आऱ्याला लोंबकळून पाळना अडवला आन पेटी खाली आनली.

विजयमाला उतरली. तोंड पांढरंफटक पडलेलं. माझ्याकडनं लेकरू घेतलं, घट्ट धरलं. "ऱ्हाऊ दे मावशी," म्हनली, "पुढच्या साली बघू." पैला गड्डा पुढच्या साली परत येत नसतोय, हे तिला बी ठावं व्हतं. तिच्या मालकानं जाता जाता पाटी वाचली, मग माझ्याकडं बघितलं आन बायकोला म्होरं घालून चालायला लागला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शिवपुत्रनं हेलकावा देनाऱ्या पोराला खाली वढलं आन कानाखाली दिली. पोरगं गाल चोळत म्हनलं, "मला कशाला मारतोस? पाटी तुमीच लावलीया की, जवानांचा पाळना म्हनून." शिवपुत्रचा हात तसाच ऱ्हायला. ईरप्पानं खांद्यावरचा टावेल झाडला आन घरचा रस्ता धरला. त्या गड्ड्यात त्यानं परत पाळन्याला हात लावला न्हाय, आन पोराशी बोलला बी न्हाय. बापलेक एका ताटलीतली चटनी वाढून घ्यायचे, पन मदी निरोप सांगायला मी.

मी शिवपुत्रला म्हनलं, "पाटी उतरव." तो म्हनला, "थोडेच दिवस ऱ्हायलेत गड्ड्याचे, आत्ती. पुढच्या साली बघू." जो तो पुढच्या सालीच बघनार.

पुढच्या साली उतरवली पाटी. कर्णा बी काढला. मी तर आदीच जाऊन उबी, हात धुऊन, लुगडं धुतलेलं नेसून. पन बायांच्यात बातमी कशी फिरती ते काय सांगायला पायजे का? चनबसप्पाच्या पाळन्याकडं टवाळ पोरं असत्यात, तिकडं लेकीसुनांनी जायाचं न्हाय. आया आमच्या म्होरनं जायच्या, लेकराला पदराखाली घेऊन. वळखीच्या असल्या तर माझ्याकडं बघून मान हलवायच्या, आन म्होरं चालायला लागायच्या.

आन जवान पोरं? मैदानाच्या त्या टोकाला इंजिनावरचा लोखंडी पाळना आला व्हता. उंचच उंच, ट्यूबलायटी लावलेला. सगळी तिकडं. शिवपुत्र एकदा तिकडं जाऊन आला. गेल्या साली त्याच्या गळ्यात गळा घालनारी पोरं त्याला म्हनली, "आता त्या खटाऱ्यात कोन बसनार गा?" मी पोरांना बोल लावत न्हाय. ज्याला नवं पायजे त्याला पुढच्या साली आनखी नवं पायजे असतंय, वयच तसलं. लेकराच्या आईला तसं न्हाय. तिला तिच्या आईनं केलं तेच करायचं असतंय. पन तिला एकदा भ्या दावलं की ती परत येत न्हाय, हे माझ्या शिवपुत्रला कुनी शिकवलं न्हवतं. आज्जाला ठावं व्हतं, पन तो पडला मुका.

गड्डा उठायच्या आत ईरप्पानं पाळना वखारवाल्याला देऊन टाकला. शिवपुत्रचं पुन्याला जायाचं ठरलं. ज्याच्यापायी पाळना बदलला ते पोरगं बी चाललं, आन पाळना बी.

शेवटच्या दिवशी, दिवस मावळायला, आमी चौगंच व्हतो पाळन्यापाशी. ईरप्पा लांब धोंड्यावर बसलेला. मानसिंग दोर गोळा करत व्हता. सकाळी वखारीची गाडी येनार व्हती. शिवपुत्र माझ्याजवळ आला आन म्हनला, "आत्ती, बस."

मी शिवी हासडायला तोंड उघडलं आन त्याच्याकडं बघितलं. रडत व्हता. एवढा बाप्या, नाक पुसायची सुद बी न्हाय.

"उद्या त्याचं सरपान व्हनार," तो म्हनला. "एक डाव बस. माझ्यासाठी बस."

"मांडीवर लेकरू कुटं हाय?" मी म्हनलं.

तेवढ्यात ईरप्पा उठून आला. वरीसभर ज्यानं पाळन्याला हात लावला न्हवता त्यानं आरा धरला. "बस अक्का," म्हनला. "अप्पानं विचारलं तर मी सांगन त्याला."

समोरच्या पेटीत वजनाला लेकरं न्हवती, म्हनून मानसिंगनं दोन धोंडे आनून ठेवले. शिवपुत्रनं मला हाताला धरून बसवलं. पाठीला हात लावला, जसा मी आयांच्या पाठीला लावायची. आन लहानपनापासनं कानावर पडलेलं त्याच्या तोंडातनं आपसूक गेलं, "दोनी हातानं धर. पोटाशी." बोलल्यावर त्याला कळलं. त्यानं तोंड फिरवलं.

बापानं एकीकडनं, लेकानं दुसरीकडनं, सावकाश ढकलला. पैल्या फेऱ्यासारखा. कर्रकर्र आवाज झाला, जमीन खाली गेली. तळ्यातलं देऊळ दिसलं, गिरन्यांची धुराडी दिसली, त्या टोकाच्या लोखंडी पाळन्याच्या लायटी लागल्या. एवढंच असतंय व्हय वर, असं मनात आलं. ह्यासाठी पोरगं एवढं तळमळत व्हतं, आन मी बी.

मग डोकं गरगरायला लागलं. वर गेल्यावर खाली बघू नको, लेकराच्या टाळूकडं बघ, असं मी जलमभर सांगत आले. मी बी मान खाली घातली. मांडीवर नुसतं लुगडं व्हतं. तरी माझे दोनी हात पोटाशी धरलेले व्हते, आन पेटी खाली येईपतुर मी ते सोडले न्हाईत.